जनआरोग्य योजना सर्वांसाठी झाली, मग आपण अजून मेडिक्लेम का भरतो?

भांडुपकर

नमस्कार. गेले काही महिने मनात घोळणारा एक प्रश्न सविस्तर मांडतो आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया वेळ काढून उत्तर द्यावे.

माझे वय ५४. एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो. कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे आणि तिच्यात वडिलांचेही नाव आहे. पण ५८व्या वर्षी निवृत्त झालो की त्याच दिवशी ती संपेल, म्हणजे दवाखान्याच्या पायऱ्या जेव्हा खऱ्या अर्थाने चढाव्या लागतात नेमक्या त्या वयात. म्हणून घरच्यांसाठी वेगळी पॉलिसी घेतली. तिचा हप्ता चार वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. पण मूळ हप्ताच दरवर्षी चढत राहिला तर तो दिलासा किती दिवस पुरणार?

दुसरीकडे आपल्या राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर होती आणि दर कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. जून २०२३मध्ये मंत्रिमंडळाने ती पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबांना लागू करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, आणि जुलै २०२४पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कागदावर पाहिले तर माझ्या घराला आज पाच लाखांचे संरक्षण आहे आणि त्यासाठी मला एक रुपयाही भरावा लागत नाही.

तरीही मागच्या पावसाळ्यात वडिलांच्या छातीत रात्री दोन वाजता दुखू लागले, तेव्हा घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या रुग्णालयात ही योजना नव्हती. जेथे होती, तेथे फोनवर सांगण्यात आले की योजनेच्या खाटा भरलेल्या आहेत. शेवटी पहिल्याच रुग्णालयात कंपनीच्या पॉलिसीवर अँजिओप्लास्टी झाली. वडील आज ठणठणीत आहेत; परंतु त्या रात्री खिशात रेशनकार्ड असूनही मी मेडिक्लेमचे कार्ड पुढे केले, ही गोष्ट काही मनातून जात नाही.

माझा प्रश्न असा आहे की, माझ्यासारख्या कुटुंबांनी दरवर्षी खासगी कंपनीला दिलेले पैसे याच सार्वजनिक योजनेत भरले आणि त्या बदल्यात अधिक रुग्णालये, ओपीडी आणि औषधे मिळाली, तर ते शक्य आहे का? की असे करणे मुळातच चुकीचे आहे?

पूर्वाश्रमीची_कोकणकन्या

प्रश्न अगदी माझ्या मनातला. वाचत आहे.

गिरणगावकर

भांडुपकर, तुमची ५८व्या वर्षाची भीती मला फार जवळून ठाऊक आहे, कारण आमच्या घराने ती एकदा भोगली आहे.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. आमच्या घरात आरोग्य विमा हा शब्द कोणी उच्चारत नसे. सगळे ‘ईएसआयचा दवाखाना’ म्हणत. १९४८च्या कायद्याने आलेली ही कर्मचारी राज्य विमा योजना होती. पगारातून थोडे कापले जाई, मालक त्याच्या वाट्याचे भरे, आणि घरातल्या कोणालाही ताप आला की कार्ड घेऊन दवाखान्यात जायचे. तपासणी, औषध, इंजेक्शन, गरज पडली तर रुग्णालय, आणि आजारपणात खाडे झाले तर पगाराचा काही भागसुद्धा. आज आपण ज्याला सर्वंकष संरक्षण म्हणतो, ते एका साचेवाल्याच्या बिऱ्हाडाला त्या काळी मिळत होते.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मिटल्याचे कोणी जाहीर केले नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. वर्गणी थांबली आणि तिच्या मागोमाग काही काळाने दवाखान्याचे कार्डही निरुपयोगी झाले. आईचा दमा त्याच वर्षांत वाढला. तेव्हा आम्ही केईएममध्ये रांगेत उभे राहू लागलो, आणि त्या रुग्णालयाने आईला पुढची अकरा वर्षे दिली, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

म्हणून माझे मत असे आहे की आरोग्याचे संरक्षण नोकरीला बांधलेले नसावे. नोकरी जाते तेव्हाच माणूस खचतो आणि तेव्हाच आजारी पडतो.

शुश्रूषा

मी महापालिकेच्या रुग्णालयात ३४ वर्षे परिचारिका होते आणि तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गिरणगावकर काकांनी केईएमबद्दल लिहिलेले वाचून डोळे भरून आले.

भांडुपकर, तुमची तळमळ खरी आहे, तरीही मला या चर्चेची सुरुवातच खटकते. विम्याने खाट तयार होत नाही. माझ्या वॉर्डात एका परिचारिकेकडे जितके रुग्ण असायला हवेत, त्याच्या दुपटीहून अधिक असत. दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून रुग्ण झोपलेले असत. त्यांत कसाऱ्याचा माणूस असे, रत्नागिरीचा असे, उत्तर प्रदेशातून थेट रेल्वेने आलेलाही असे. त्यांच्यापैकी कोणाला कार्ड नव्हते म्हणून त्रास झाला नाही. त्रास झाला तो सलाइनचा सेट संपला म्हणून, सीटी स्कॅनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली म्हणून, आणि डॉक्टरांनी ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी लिहून दिली म्हणून.

ती चिठ्ठी हातात घेऊन समोरच्या मेडिकलच्या दुकानाकडे जाणारी बाई मी हजारदा पाहिली आहे. मंगळसूत्र गहाण ठेवून परत आलेलीही पाहिली आहे. सरकारकडे पैसा असेल तर तो आधी त्या चिठ्ठीवर खर्च व्हावा. खासगी रुग्णालयांना पॅकेजचे, म्हणजे दर शस्त्रक्रियेमागे ठरलेले, पैसे देत बसलो, तर केईएम, नायर, सायन आणि कूपर आणखी अशक्त होतील आणि दहा वर्षांनी आपण सगळे भांडुपकरांसारखे रात्री दोन वाजता फोन फिरवत बसू.

सोबती_७१

शुश्रूषाताईंशी शब्दशः सहमत.

आकडेमोड

मी विमा क्षेत्रात आकडेशास्त्राचे काम करतो. त्यामुळे मूळ प्रश्नाच्या ‘आम्ही पैसे भरले तर’ या भागावर लिहितो.

राजस्थानने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. २०२१मध्ये तेथे चिरंजीवी योजना आली. अन्नसुरक्षेतील कुटुंबे, छोटे शेतकरी, कंत्राटी कर्मचारी अशांचा हप्ता सरकारने भरला आणि इतर कोणत्याही कुटुंबाला वर्षाला ८५० रुपये भरून सामील होता आले. पाच लाखांपासून सुरू झालेली मर्यादा २०२३पर्यंत २५ लाखांवर गेली. म्हणजे भांडुपकर म्हणतात तसा मार्ग कल्पनेतला नाही.

पण त्यात एक तांत्रिक गाठ आहे. सहभाग ऐच्छिक ठेवला, की आधी कोण येतो? ज्याला पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया करायची आहे तो. निरोगी तरुण म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. मग जमा थोडी आणि दावे अधिक अशी अवस्था होते. हप्ता वाढवावा लागतो. तो वाढला की उरलेसुरले निरोगी लोकही बाहेर पडतात. भिशीत ज्याला आज पैसे हवेत तेवढेच लोक आले तर भिशी चालेल का? आरोग्य विम्याचेही तसेच आहे. म्हणून ज्या देशांत वर्गणीवर आधारलेली योजना सर्वांपर्यंत पोहोचली, तेथे ती सक्तीची होती. जर्मनीने १८८३ साली कामगारांच्या आजारपणाचा विमा सक्तीचा केला, जपानने १९६१मध्ये प्रत्येक नागरिकाला कोणत्या ना कोणत्या आरोग्य विम्यात आणले.

आपल्याकडे सक्तीची वर्गणी पगारदारांकडून घेता येते, कारण तेथे पगारपत्रक असते. भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून, घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईंकडून ती दरमहा कशी गोळा करणार? गोळा करण्याचा खर्चच जमा होणाऱ्या रकमेच्या अंगावर येईल. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१च्या अहवालात नेमक्या याच मधल्या वर्गाविषयी लिहिले आहे. देशातील सुमारे ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे ४० कोटी माणसे, अशी आहेत की सरकारी योजनेत बसण्याइतकी ती गरीब नाहीत आणि खासगी हप्ता भरण्याइतकी सुस्थितीतही नाहीत.

थायलंडने २००२मध्ये या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. सरकारी कर्मचारी आणि पगारदार कामगार आपापल्या योजनांत राहिले आणि उरलेल्या सर्व नागरिकांना करांच्या पैशातून एकाच योजनेत घेतले. दर भेटीला ३० बाट, एवढेच शुल्क होते. हप्ता नाही, गरिबीचा दाखला नाही. रुग्णालयांना दर शस्त्रक्रियेमागे पैसे देण्याऐवजी ओपीडीसाठी नोंदलेल्या दर माणसामागे ठरावीक रक्कम दिली, त्यामुळे माणूस आजारी न पडण्यात रुग्णालयाचे हित निर्माण झाले. शुश्रूषाताई, तुमच्या बाजूने हेही सांगायला हवे की थायलंडने त्याआधीच्या दशकांत तालुक्यातालुक्यात सरकारी रुग्णालये बांधली होती. योजना त्या भिंतींवर उभी राहिली.

करदाता

विरोधी मत मांडतो. आधीच आम्ही प्राप्तिकर भरतो, महापालिकेचा कर भरतो आणि मेडिक्लेमही भरतो. आता आणखी एक वर्गणी? २०२३मध्ये महालेखापरीक्षकांनी केंद्राच्या आयुष्मान भारत या आरोग्य योजनेची तपासणी केली, तेव्हा सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर सापडली होती, आणि तो क्रमांक होता दहा वेळा नऊ. ज्या व्यवस्थेला नोंदवही नीट ठेवता येत नाही, तिच्या हाती आणखी पैसा का द्यावा?

आकडेमोड

करदाता, तो अहवाल मी वाचला आहे आणि तुमचा राग रास्त आहे. मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, असे सरकारचे स्पष्टीकरण होते. ते तांत्रिकदृष्ट्या योग्य मानले, तरी रुग्णाच्या नावावर दावा झाला आहे हे त्याला कळवण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो, आणि खोटे दावे तेथेच लपतात.

परंतु जरा असे पाहा. आज या योजनेवर कोणाचे लक्ष आहे? तिचा वापर करणारा माणूस बहुधा तक्रार करण्याच्या परिस्थितीत नसतो. जिवावर बेतलेले असताना मिळाले तेवढ्यावर तो समाधान मानतो. तुमच्यासारखा हिशेब विचारणारा, माहितीच्या अधिकारात अर्ज करणारा माणूस योजनेच्या बाहेर उभा आहे. माझ्या मते सर्वांना एकाच योजनेत आणण्याचे सर्वांत मोठे कारण पैसा हे नाही. ज्या शाळेत शिक्षकांची स्वतःची मुले शिकतात त्या शाळेचे छप्पर गळत राहत नाही, तसे हे आहे.

एक_छोटे_रुग्णालय

मी पूर्व उपनगरात गेली १९ वर्षे २२ खाटांचे रुग्णालय चालवतो. धाग्यात डॉक्टरांची बाजू आलेली नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आम्ही पाच वर्षे या योजनेत होतो आणि नंतर बाहेर पडलो. लोकांना वाटते की डॉक्टर हावरट झाले. वस्तुस्थिती अशी की, काही शस्त्रक्रियांचे पॅकेज आमच्या प्रत्यक्ष खर्चालाही पुरत नव्हते. खाटेचा, भूलतज्ज्ञाचा, औषधांचा, जेवणाचा आणि रुग्णाच्या येण्याजाण्याचा खर्च त्याच रकमेत धरलेला असे. कोकणातील तालुक्याच्या ठिकाणी तो कदाचित भागत असेल; मुंबईत जागेचे भाडे, विजेचे बिल आणि परिचारिकांचे पगार पाहता भागत नाही. त्याहून मोठी अडचण पैसे मिळण्याच्या वेळेची होती. एकदा सात महिन्यांचे दावे अडकले होते, आणि त्या काळात ऑक्सिजनवाल्याला व औषधांच्या वितरकाला मी घरचे सोने ठेवून पैसे दिले. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयाला सात महिने थांबणे परवडते, कारण त्याच्याकडे दहा मार्गांनी पैसा येतो. माझ्यासारखा माणूस पहिल्या तीन महिन्यांतच कोलमडतो. म्हणजे उशिरा पैसे देणारी योजना गल्लीतली रुग्णालये आपल्याच हाताने बाहेर ढकलते आणि मग भांडुपकरांना घराजवळ खाट सापडत नाही.

हे सांगताना आमच्या व्यवसायाच्या चुका झाकायच्या नाहीत. योजनेत असलेली काही रुग्णालये रुग्णाकडून वरचे पैसे मागतात, ‘हे इम्प्लांट योजनेत बसत नाही’ असे सांगतात. तो सरळ गुन्हा आहे आणि तसे करणाऱ्याची मान्यता रद्द व्हायलाच हवी. पण दर योग्य असतील, पैसे ठरलेल्या मुदतीत मिळतील आणि उशीर झाला तर सरकार व्याज देईल, एवढी हमी लेखी मिळाली तर मी उद्या पुन्हा अर्ज करीन. माझ्या ओळखीतले अनेक जणही करतील.

शुश्रूषा

डॉक्टर, तुमचे सोने ठेवणे मला समजते; मी वर ज्या मंगळसूत्राविषयी लिहिले तेही तसेच होते. दोन्ही एकाच कारणाने गहाण पडली, याचा मी याआधी असा विचार केला नव्हता.

तरीही एक विचारते. तुमच्या २२ खाटांच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता हृदयविकाराचा रुग्ण घेतला जातो का? कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, आहे का? कठीण रुग्ण शेवटी आमच्याकडेच पाठवले जातात, आणि सोपे, ठरवून करायचे ऑपरेशन खासगीत होते. पॅकेज सोप्याचे आणि भार कठीणाचा, असे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक_छोटे_रुग्णालय

कॅथलॅब नाही, आणि तुमचा आक्षेप मान्य आहे. कठीण रुग्ण आम्ही पुढे पाठवतो. मात्र योजनेतील दावे सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांनाही करता येतात आणि ती रक्कम त्यांच्याकडे जमा होते. ती त्याच वॉर्डाच्या सलाइनवर आणि सीटी स्कॅनच्या यंत्रावर खर्च करण्याचा अधिकार जर त्या रुग्णालयाला दिला, तर विमा आणि सार्वजनिक रुग्णालय हे एकमेकांचे वैरी राहणार नाहीत.

गोड_नसलेली_साखर

इतकी चांगली चर्चा चालू आहे, पण सगळे शस्त्रक्रियेविषयी बोलत आहेत. माझ्या घरात सासूबाईंना १६ वर्षे मधुमेह आहे, मला थायरॉइड आहे आणि नवऱ्याला रक्तदाब. आमच्यापैकी कोणी गेल्या नऊ वर्षांत रुग्णालयात दाखल झालेले नाही. म्हणजे जनआरोग्य योजनेच्या दृष्टीने आम्ही निरोगी कुटुंब आहोत, आणि दर महिन्याला औषधे व तपासण्या मिळून सरासरी ४,२०० रुपये घरातून जातात. वर्षाचे ५० हजार झाले.

आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. मधुमेह पंधरा दिवसांचा असता तर आणखी काय हवे होते! तो जन्माचा सोबती आहे. सासूबाईंची साखर औषधांनी ताब्यात राहते, म्हणून त्यांचे मूत्रपिंड शाबूत आहे. औषध परवडले नाही आणि मूत्रपिंड निकामी झाले, तर डायलिसिस मात्र योजनेत मोफत आहे. घराला आग लागू नये म्हणून पाण्याचा हंडा देणार नाही, आणि लागली की बंब मात्र पाठवू, ही कोणती रीत?

आमच्या घराजवळ पालिकेचा ‘आपला दवाखाना’ सुरू झाला आहे. संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा असतो, रक्ततपासण्या मोफत होतात, आणि सासूबाई आता तेथेच जातात. मला वाटते, खऱ्या सार्वत्रिक आरोग्यसेवेची सुरुवात पाच लाखांच्या कार्डापेक्षा या दोन खोल्यांच्या दवाखान्यातून होते. जनऔषधीच्या दुकानातून घेतलेल्या गोळ्यांनीही खर्च थोडा उतरला आहे.

आकडेमोड

गोड_नसलेली_साखर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मला मनापासून वाटते, आणि आकडेही तेच सांगतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ६४.२ टक्के रक्कम लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. सुधारणा झाली, हे मान्य करायलाच हवे. पण या उरलेल्या रकमेत ओपीडी, औषधे आणि तपासण्या यांचा वाटा फार मोठा आहे, आणि नेमका तोच आपल्या बहुतेक योजनांच्या बाहेर आहे.

सरकारचा स्वतःचा खर्च २०२१-२२मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. करदाता, तुमच्यावर नवी वर्गणी लादण्याआधी आपण सर्वांनी मिळून हे जुने वचन मागितले पाहिजे.

टोरांटोचा_पार्लेकर

थोडे अवांतर वाटेल, पण विषयाशी जोडलेले आहे. मी २१ वर्षे कॅनडात आहे. येथील सार्वजनिक विमा एका रात्रीत आला नाही आणि तो राजधानीतूनही आला नाही. सस्कॅचवान या शेतकऱ्यांच्या प्रांताने १९४७मध्ये आधी रुग्णालयाचा खर्च उचलला. १९६२मध्ये डॉक्टरांची फीही त्यात घेतली, तेव्हा तेथील डॉक्टर २३ दिवस संपावर गेले होते. तरी प्रांत मागे हटला नाही. पुढे केंद्राने खर्चात वाटा उचलण्याचा कायदा केला, आणि १९७२पर्यंत सगळे प्रांत सामील झाले. रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याला १९८४च्या कायद्याने चाप बसला.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. दवाखान्याबाहेरची औषधे सुरुवातीला या योजनेतून वगळली गेली. ‘नंतर घेऊ’ असे तेव्हा सर्वांना वाटले असणार. आज इतकी दशके उलटल्यावरही औषधांचा सर्वांसाठी एकसारखा विमा येथे नाही. कोणाला नोकरीतून मिळतो, कोणाला वयामुळे, कोणाला मिळतच नाही. जे पहिल्या दिवशी बाहेर राहते ते पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहते. म्हणून महाराष्ट्राने ओपीडी आणि औषधे आताच आत घ्यावीत, असे मला दुरून पाहताना कळकळीने वाटते.

मानखुर्दची_पायवाट

मी घरकामगार स्त्रियांच्या एका गटासोबत काम करते. ‘योजना सर्वांसाठी झाली’ हे शीर्षक वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही, कारण माझ्या रोजच्या पाहण्यातले ‘सर्व’ वेगळे आहेत.

सर्व म्हणजे ज्यांच्याकडे महाराष्ट्राचे रेशनकार्ड किंवा अधिवास प्रमाणपत्र आहे ते सर्व. आमच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत बारा वर्षे राहणारी बाई आहे. तिचे मूळ कार्ड गावी, सासऱ्याच्या नावावर. घरमालक करारनामा करून देत नाही, त्यामुळे येथे पत्त्याचा पुरावा नाही. केंद्राच्या आयुष्मान भारतच्या यादीत तिचे नाव असते तर दुसऱ्या राज्यातही उपचार मिळाले असते. पण ती यादी मुळात २०११च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेवरून तयार झालेली, आणि तेव्हा ती अविवाहित होती. ही बाई सकाळी पाच घरांतली भांडी घासते. ज्या घरांत ती जाते, त्या प्रत्येक घरात मेडिक्लेम आहे.

आणि कार्ड असले तरी सगळे सुरळीत होत नाही. नावात एका अक्षराचा फरक, रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवलेले नाही, आधारला जोडलेला मोबाइल हरवलेला. मागच्या वर्षी एका कुटुंबाला रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, तीन दिवस सापडला नाही, आणि तोवर त्यांनी डिपॉझिट म्हणून ४० हजार रुपये उसने घेऊन भरले होते. आणीबाणीच्या वेळी फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याची योजना उच्च न्यायालयाने २००६मध्ये घालून दिली आहे, हेही आमच्या बायकांना वर्षानुवर्षे ठाऊक नव्हते.

१९४६मध्ये देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने लिहून ठेवले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये. त्या वाक्यात रेशनकार्ड कोठेही नव्हते.

करदाता

मानखुर्दची_पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री बराच वेळ विचार करत होतो. आमच्या घरी येणाऱ्या मावशींना आज विचारले. आठ वर्षे येतात. त्यांचे कार्ड जालन्याला आहे, म्हणजे राज्यातले आहे, तरीही ते येथे चालते हे त्यांना माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. गैरव्यवहाराबद्दलचे माझे मत कायम आहे; वर्गणीबद्दलचे तितके कायम राहिलेले नाही.

गिरणगावकर

ज्येष्ठांसाठी एक उपयुक्त माहिती देतो. ईएसआयमध्ये किमान पाच वर्षे असलेला कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. माझ्या धाकट्या भावाने ती घेतली आहे. वर्गणी भरून सार्वजनिक संरक्षण, ओपीडी आणि औषधांसकट, हे भांडुपकरांचे स्वप्न या लहानशा तरतुदीत आधीच लिहिलेले आहे. फक्त ईएसआयला २१ हजार रुपये पगाराची मर्यादा आहे, आणि ती जानेवारी २०१७पासूनची आहे. ती वाढवली तर मधला किती वर्ग आत येईल, याचा हिशेब आकडेमोड यांनी जरूर करावा.

भांडुपकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

मी प्रश्न विचारला तेव्हा मनात एवढेच होते की माझे पैसे योग्य जागी जावेत. आता वाटते, मी ‘मला अधिक काय मिळेल’ असे विचारत होतो. पांढऱ्या कार्डाला वेगळी, थोडी वरची योजना मिळाली असती तर मी ती आनंदाने घेतली असती, आणि मानखुर्दची ती बाई तेथेच राहिली असती. ऐच्छिक हप्त्याचा माझा आग्रह मी मागे घेतो. कर पुरेसा खर्च व्हावा, योजना सर्वांना एकच असावी आणि तिच्यात दवाखाना व औषधे आधी असावीत, या मतावर मी आलो आहे. मेडिक्लेम मात्र या वर्षी चालू ठेवणार आहे, कारण घराजवळच्या रुग्णालयात योजना येईपर्यंत वडिलांच्या बाबतीत धोका पत्करण्याचे धैर्य माझ्यात नाही. शुश्रूषाताई, यात तुम्हाला विसंगती दिसेल, आणि ती आहे.

दोन कामे मात्र केली. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वडील ७८ वर्षांचे आहेत आणि मी आजवर ते काढलेच नव्हते; मागच्या शनिवारी काढले. दुसरे असे की, आमच्या सोसायटीच्या सभागृहात येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्डांसाठी बसायचे ठरवले आहे. सोसायटीतल्या ज्येष्ठांसोबत येथे काम करणाऱ्या सर्व मावशी, रखवालदार आणि सफाई कामगार यांनाही बोलावले आहे. सोबत बसायला दोन-तीन माहितगार माणसे हवी आहेत.

मानखुर्दची_पायवाट

मी येते. सगळ्यांना आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणायला आजच सांगा, कारण ओटीपी त्यावरच येतो. रेशनकार्डाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढून ठेवा आणि ज्यांची नावे चढलेली नाहीत त्यांची वेगळी यादी करा. त्या यादीसाठी सोमवारी शिधावाटप कार्यालयात जावे लागेल.

शुश्रूषा

विसंगती दिसली, आणि तुमच्या जागी मीही हेच केले असते. रविवारी मीही येईन, आणि सोमवारी शिधावाटप कार्यालयातही.

एक_छोटे_रुग्णालय

रविवारी अकरानंतर मोकळा आहे. रक्तदाब आणि साखर तपासण्याचे साहित्य घेऊन येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवावा.